दत्तोपंतांची आकडी

अहमदपुरात राजश्रीबाईंच्या जास्वंदीवर शेजारचे दत्तोपंत रोज पहाटे डल्ला मारायचे. भिंतीवरून आकडी टाकायची, लालभडक फुलं ओरबाडायची आणि आपल्या गणपतीला वाहायची! एप्रिलात बाई आठ दिवस लेकीकडे नांदेडला निघाल्या, तेव्हा झाडाला बादलीभर पाणी घाला म्हणाल्या, तर हेच गृहस्थ फिस्कारले होते, "मी काय तुमचा माळी हाय का?" बाई परतल्या तेव्हा झाड सुकलेलं, वर पांढऱ्या किडीनं लडबडलेलं. बाईंनी साबणाच्या पाण्यानं एकेक फांदी पुसली, शेंडे छाटले, शेणखत घातलं, तेव्हा कुठं ते पुन्हा फुललं. फुललं की आकडी हजर!

अंगारकीच्या पहाटे भिंतीवर आकडी दिसताच बाई स्टुलावर चढल्या आणि एकेका फुलाला नाक लावत सुटल्या. एकही सोडलं नाही.

"अहो बाई, हे काय करून राहिलात? हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई!"

"ठाऊक हाय."

"अन् जास्वंदीला वास तरी असतो का?"

"नसतो," शेवटच्या फुलावरून नाक काढत बाई म्हणाल्या. "वासासाठी कोण हुंगून राहिलंय?"