पहिलवान फ्यूज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना विजेचा ओव्हन आहे. पुसदमध्ये मात्र मला सगळे ‘भट्टी’च म्हणतात. माझ्यासारख्या पत्र्याच्या पेटीची हकिगत कोणी ऐकेल का, अशी शंका मला अजूनही येते. पण ज्यांच्यामुळे मी चांगल्या नावाने जगलो, त्यांचे आभार मानायचे राहू नयेत, म्हणून बोलतो.

माझा जन्म नागपूरच्या एका लहान कारखान्यात झाला. पुढे यवतमाळच्या एका हॉटेलात मी पाव भाजले. ते हॉटेल बंद पडले, तेव्हा रहमतभाईंनी मला घरी आणले. ते पुसदच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. त्या वर्षांत कापसाची दशा वाईट होती. ऐन हंगामातही जिनिंगची यंत्रे थांबून असत. मग फिटरला कोण बोलावणार? त्यांच्या पत्नी जैबुनबी यांच्या हाताला मात्र नानकटाईची चव होती. शिवाय ईद-दिवाळीला गल्लीतल्या बायका घरूनच पीठ मळून आणतील आणि ट्रे भाजून नेतील, असा त्यांचा बेत होता. त्या घराची सगळी आशा आता माझ्यावर होती.

पहिल्याच दिवशी मी तापू लागलो आणि घरात अंधार झाला. फ्यूज उडाला होता. तार बदलली, तो पुन्हा उडाला. शेजारच्या विमलताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “भाभी, नानकटाई करून राह्यल्या का फटाके?”

रहमतभाईंना जिनिंगची सवय होती. तिथे यंत्र थांबू नये म्हणून फ्यूजमध्ये जाड तार बांधून टाकत. त्यांनी घरीही तेच केले. “घ्या, केला मजबूत! आता उडून दाखव म्हणा.”

फ्यूज खरंच उडेना. मला बरे वाटले. मला तरी काय कळत होते! पण मला जोडले होते कूलरसाठी ओढलेल्या बारीक वायरीला; ती माझ्यामुळे तापू लागली. बोर्ड पिवळा पडला, जळका वास सुटला. वायरीचे आवरण वितळले आणि वीज माझ्या पत्र्यात उतरली. जैबुनबींनी माझ्या दाराला हात लावला आणि ट्रे खाली टाकला.

“अजी, मुंग्या आल्या मले! हे भट्टी आजच विका.”

“विकू? मंग खाऊ काय?”

“जित्ते राह्यलो तर खाऊ ना!”

मित्रांनो, आपण कोणाला नकोसे होणे फार कठीण असते.

जैबुनबींचा धाकटा भाऊ तारिक वायरमन होता. त्याने येताच मेन बंद केला, फ्यूज बाहेर काढला आणि हसतच सुटला.

“दुल्हेभाई, तुमी तर फ्यूजले पहिलवान बनवून टाकलं!”

“मंग कमजोर ठेवू का, सालेसाहेब?”

“कमजोरच पाहिजे. जो आधी हरते, तोच घर वाचवते. हा हरला नाही, म्हणून वायर जळून राह्यली.”

त्याने माझ्या पाठीवरची पट्टी वाचली. मी तेरा अँपिअर वीज खात होतो. त्याने मेन बोर्डापासून माझ्यासाठी वेगळी लाईन ओढली. तांब्याची, चार एमएमची जाड वायर घेतली आणि तिच्यावर सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, बसवला.

“बत्तीसचा टाक ना, कटकट नको,” रहमतभाई म्हणाले.

“झाला का पुन्हा पहिलवान?” तारिक म्हणाला. रहमतभाईंनाही हसू आले.

वीज कुठे गळू लागली तर लाईन तोडणारा ईएलसीबीही त्याने लावला. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि मला अर्थिंग दिले. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडू नये, म्हणून जैबुनबी पुदिन्यासोबत त्यालाही पाणी घालू लागल्या.

मग माझे सुखाचे दिवस आले. ईदचे ट्रे, दिवाळीचे ट्रे, ओळखीसाठी कोणाच्या नानकटाईवर वाटीचा ठसा, कोणाच्या नानकटाईवर चारोळी. फुलसावंगीहूनही लोक डबे घेऊन येत.

एका दिवाळीत विमलताईंचे ट्रे माझ्या पोटात होते. माझी तापणारी कॉइल आता म्हातारी झाली होती. ती आतून तडकली आणि वीज माझ्या अंगावर उतरू लागली. जैबुनबी ओल्या हाताने दार उघडायला निघाल्या. मला ओरडता येत नाही. तेवढ्यात बोर्डावरच्या ईएलसीबीचे ‘टक्’ झाले आणि मी थंड पडलो.

रहमतभाई बोर्डापाशी गेले. “अर्धी कच्ची आहे, भाऊ. पाहुणे येऊन राह्यले ना घरी!” विमलताई काकुळतीने म्हणाल्या. रहमतभाईंनी खटका वर केला. तो लगेच पडला. त्यांनी हात मागे घेतला.

“नाही, ताई. हे उगीच नाही पडून राह्यलं. तारिकले बोलावतो.”

त्या दिवशी विमलताईंच्या पाहुण्यांनी चिवड्यावर भागवले. पण दुसऱ्या दिवशी नव्या कॉइलवर मी जी नानकटाई भाजली, तिचा पहिला घास जैबुनबींनी स्वतः खाल्ला. याहून मोठे बक्षीस मला कधी मिळाले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या बोर्डावरही कदाचित असा ईएलसीबी नावाचा राखणदार असेल. त्याच्यावर तपासणीचे एक लहानसे बटण असते. घरातल्या मोठ्यांना ते महिन्यातून एकदा दाबायला सांगा. खटका पडला आणि घरातले दिवे गेले, तर कोणी कुरकुर करू नका. त्याने फक्त ‘मी जागा आहे’ एवढेच सांगितलेले असते.