ह्यांची खेळांवरची मतं

"उजवीकडे," मी म्हणाले.

"उजवीकडे," हे म्हणाले, आणि मगच त्यांनी गाडी वळवली. तोवर गाडी कठड्यावर आदळून उलटी झाली होती आणि तिची चाकं आभाळाकडे तोंड करून फिरत होती.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? पालथी पडली."

"तू उशिरा सांगितलंस."

आता ह्यावर काय बोलावं? मी वेळेवरच सांगितलं होतं. उशीर झाला तो माझा शब्द परत म्हणण्यात. पण ही खोड घरातली नव्हे, लिफ्टच्या खड्ड्यातली. हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. जुन्या लिफ्टचं काम जोडीनं चालायचं. एकजण खड्ड्यात, केबिनच्या टपावर उभा, आणि दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. वरच्याच्या हातात लिफ्ट हलवायचं चाक, पण त्याला खालचं काहीच दिसत नाही. खालचा ओरडणार, "हळू खाली घे." वरचा तेच शब्द परत म्हणणार आणि मगच चाकाला हात लावणार. न म्हणता हलवलं तर खालच्याचा हात, पाय, काहीही जायचं. ह्यांचा जोडीदार, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो काडीसारखा माणूस धडधाकट निवृत्त झाला तो ह्या नियमामुळे, असं हे अजून सांगतात.

पण शर्यतीतली गाडी कुणाचा शब्द परत म्हणेपर्यंत थांबते थोडीच. त्या दुपारी आम्ही एकामागून एक गाड्या पालथ्या घातल्या. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा-म्हातारीला वेड लागलंय. मला मात्र आतून इतकं बरं वाटत होतं की विचारू नका, कारण हे चिडले होते. कितीतरी महिन्यांनी चिडले होते.

टीव्हीवर खेळायचं ते यंत्र मुळात लेकीचं. लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली तेव्हा ते इथंच राहिलं, आणि एका सुट्टीला ह्यांनी सहज म्हणून सुरू करून पाहिलं. सहज कसलं, माणूस त्यात शिरला तो शिरलाच. कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की हातात ते बटणांचं खेळणं. मी त्याला सवत म्हणायचे. माझं शिवणयंत्र त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे टीव्हीकडे माझी पाठ. इतकी वर्षं मी ते खेळ एकदाही धड पाहिले नाहीत. ऐकली ती ह्यांची मतं.

आणि मतं म्हणजे काय, कोर्टातले निकाल. ज्या शर्यतीत गाडी भिंतीवर आपटून चेंडूसारखी परत रस्त्यावर येते, तो खेळ ह्यांच्या लेखी बाद. "भिंतीला काही मान नाही त्यात," म्हणायचे. ज्यात ब्रेक उशिरा लावला की सगळं संपतं, तो खरा. छोट्या छोट्या रंगीत गाड्या एकमेकींवर फळं फेकतात असा एक खेळ लेकीला आवडायचा. तो ह्यांना अजिबात पसंत नव्हता, कारण माहेरी आली की त्यात लेक दर वेळी जिंकायची. शहर वसवायच्या खेळात ह्यांचं कधी कुठल्या बाईशी जमलं नसतं इतकं त्या नगरीशी जमलं होतं, पण तक्रार एकच. उंच इमारती बांधायला देतात आणि लिफ्ट कुठं आहे ते दाखवत नाहीत. "एवढी माणसं वर जातात कशी?" हे मला विचारायचे, जणू मीच तो खेळ काढला होता. राजाराजांच्या खेळात शेजारचा राजा गोड बोलायला लागला की हे आधी तटबंदी वाढवायचे. आणि चुकलेली चाल मागे घेता येते अशा खेळाला तर घरात थारा नव्हता. "पोरखेळ आहे," एवढंच म्हणून तो बंद.

सगळ्यात लाडका खेळ लढाईचा होता. त्यात नकाशा आधी पूर्ण काळा असतो. आपला माणूस जिथं जाईल तिथलं उजळत जातं. तो तिथून निघाला की ती जागा पुन्हा काळी होत नाही, पण राखाडी पडते, आणि आपण शेवटचं जे पाहिलं तेच तिथं दिसत राहतं. आता तिथं शत्रूनं किल्ला बांधला असेल तरी आपल्याला दिसतं ते जुनंच रान. "हे ज्यानं शोधून काढलं ना," हे म्हणायचे, "त्याला माणूस कळलाय." मी मान न वळवता हूं म्हणायचे आणि काज करत राहायचे.

मग ह्यांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं. आधी दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागला, मग ताटाशेजारची वाटी सापडेना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हे बाहेरून आत येत जाणार, मधला तुकडा तेवढा काही काळ टिकेल, आणि ह्यावर औषध नाही. कंपनीनं ह्यांना खड्ड्यातून काढून तक्रारी घ्यायच्या टेबलाशी बसवलं आणि मग घरी. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मधल्या तुकड्यावर शर्यती खेळत राहिले. समोरचा रस्ता दिसला की पुरतं म्हणायचे. एक दिवस तोही दिसेनासा झाला. त्या दिवशी ह्यांनी ते बटणांचं खेळणं तारेसकट गुंडाळून खोक्यात घातलं आणि म्हणाले, लेकीला पाठवून दे.

त्यानंतर ह्यांना मतच उरलं नाही. कशावरही. बातम्यांवर नाही, जावयावर नाही. भाजीत मी मीठ विसरले, हे मुकाट्यानं जेवून उठले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही घातलं, तरी तेच. मी मोरीत जाऊन रडले. डोळे जाणार हे मी मनाला समजावलं होतं, पण डोळ्यांबरोबर माणूसच जाईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेक फोनवर म्हणायची, आई, बाबांना गोष्टी ऐकायला लाव, गाणी लाव. सगळं लावून झालं. हे खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला ते माझे जुने, कटकटे, निकाल देणारे हवे होते, बाकी काही नको होतं.

खोकं काही मी पाठवलं नव्हतं. एका दुपारी शिवण बाजूला सारली, खुर्ची पहिल्यांदा टीव्हीकडे फिरवली आणि तो लढाईचा खेळ लावला. काही येत नव्हतं. जे बटण सापडेल ते दाबत गेले आणि मोठमोठ्यानं सांगत गेले, आपलं स्वतःशीच. हे घर पाडलं. हे झाड तोडलं. ह्या टोपल्या घेतलेल्या बायकांना त्या भालेवाल्यांवर सोडलं.

खिडकीपाशी खुर्ची करकरली. "कुणाला सोडलंस?"

"टोपलीवाल्या."

"अगं त्या धान्य कापणाऱ्या आहेत. खायचं काय मग सैन्यानं?"

मी त्यांना पडद्यावर शोधायला लागले.

"परत बोलव त्यांना," हे म्हणाले. मी बोलावलं. "असं नाही. आधी म्हण, मग कर."

"टोपलीवाल्यांना परत बोलावते," मी म्हटलं आणि मग बोलावलं.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. डोळे माझे, हात माझे, डोकं ह्यांचं. आणि काय डोकं, देवा. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. अख्खा नकाशा ह्यांच्या मनात होता. नदीच्या वळणाशी कोण उभं आहे, दगडाच्या खाणीला किती माणसं लावलीत, टेकडीमागून कुणी आलं तर आधी कुठला बुरूज पडेल, सगळं. मी पडदा बघून विसरायचे आणि हे न बघता आठवण करून द्यायचे. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे हा माणूस अशी राज्यं चालवत होता आणि मी काज करत बसले होते.

एकदा हे मध्येच म्हणाले, "ज्या भागात आपला माणूस नाही तो राखाडी दिसतोय ना?"

"हो. मागं होता तसाच."

"माझंही तसंच आहे. खोली शेवटची पाहिली तशीच दिसते. तूसुद्धा."

"म्हणजे माझे केस अजून काळेच?"

"बऱ्यापैकी."

"मग काही वाईट झालं नाही," मी म्हटलं. हे हसले. मला हुंदका आवरेना, पण तो ह्यांना ऐकू जाऊ दिला नाही.

आणि मग शर्यतीची हुक्की ह्यांचीच. आता हात ह्यांचे, डोळे माझे, असं ठरलं, आणि मग जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच. गाड्या पालथ्या पडत होत्या, हे मला दोष देत होते, मी ह्यांना. शेवटी ह्यांनी मला ती आवाजाची दोन खोकी टीव्हीपासून काढून एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला ठेवायला सांगितलं. ठेवली.

"आता तू बोलू नकोस," हे म्हणाले.

मला न बोलायला सांगणं म्हणजे काय, हे माहेरच्यांना विचारा. पण मी ओठ घट्ट मिटले. गाडी सुटली. पहिल्या वळणाला घासली, दुसऱ्याला थोडी कमी. हे मान किंचित खाली घालून बसले होते, खड्ड्यात लिफ्टचा दोष ऐकायचे तसे. डाव्या चाकाखाली वाळू आली की डाव्या खोक्यातून खरखर यायची आणि हे तेवढ्यात गाडी आत घ्यायचे. इंजिनाचा आवाज चढला की त्यांना गिअर कळत होता, भिंत जवळ आली की आवाज कोंडत होता, बोगद्यात शिरलो की घुमत होता. मला हे सगळं तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. त्या अवघड वळणाला, जिथं आम्ही दर वेळी कठडा गाठायचो, ह्यांनी ब्रेक लावला, थांबले, वळले आणि गाडी सरळ निघाली. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. गाडी एवढ्या वेगानं चाललेली आणि चालवणाऱ्याचे डोळे मिटलेले.

एक अख्खी फेरी झाली, कुठंही न आपटता. बाकीच्या गाड्या कधीच पुढं निघून गेल्या होत्या.

"कितवा आहे?" ह्यांनी विचारलं.

"शेवटचे."

"चांगला खेळ आहे," हे म्हणाले. "फसवत नाही. मी चुकलो की सांगतो." तो आवाज, तो निकाल देण्याचा सूर. मला वाटलं आता उठावं आणि लेकीला फोन करावा. तेवढ्यात ह्यांनी गाडी हळू केली. अगदी हळू, मग थांबवलीच, शर्यतीच्या मधोमध, कडेला लावून.

"काय झालं?"

"मी ह्या रस्त्यावरून किती वर्षं गेलोय," हे म्हणाले. "नजर कायम डांबरावर. वळण, ब्रेक, वळण. बाजूला काय आहे ते एकदाही पाहिलं नाही. पाहून ठेवायला हवं होतं. आता सांग."

मी पडद्याकडे नीट बघितलं. एवढं काही तिथं असेल असं मला वाटलं नव्हतं. डावीकडे खाली समुद्र होता, लांबपर्यंत, उन्हानं चकाकणारा. त्यावर एक पांढरं शीड. मी सांगायला लागले. म्हटलं, रस्ता डोंगराच्या कुशीतून गेलाय. कठड्यापलीकडे पिवळी फुलं आहेत, वाऱ्यानं हलतायत. खाली लाल कौलांची घरं, एका गच्चीवर कपडे वाळत घातलेत. त्यात एक निळा परकर आहे, काय सुंदर निळा, असं कापड मला कधी मिळालं नाही. पक्षी चाललेत समुद्रावरून, ढगाची सावली पाण्यावरून सरकतेय. हे मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, खेळणं मांडीवर ठेवून.

मी सांगत असतानाच शर्यतीचा वेळ संपला. समुद्र गेला, डोंगर गेला, काळ्या पडद्यावर अक्षरं आली, पुन्हा खेळणार का म्हणून. मी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, आणि घरांच्या मागं एक पाऊलवाट आहे, ती खाली वाळूपर्यंत जाते, वाळूत एक बाई बसलीय.

"गाणं बदललं," हे म्हणाले. "खेळ संपलाय, कळलं मला."

मी गप्प झाले.

"थांबू नकोस," हे म्हणाले. "त्या बाईचं सांग."