सुई ओवता येऊ नये एवढा उजेड

वारंगा फाट्याच्या जहांगीरचाचांनी उभ्या आयुष्यात कमी उजेड कधी केला नव्हता. लग्नाच्या मांडवाला लाइटिंग करणारा माणूस तो! कुणाच्याही घरचं लग्न असो, चाचांच्या माळा लागल्या की वऱ्हाडाला लांबूनच कळायचं, हां, इथंच वळायचं. असल्या माणसाला त्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं, "अब्बा, पेटीवर एक बारका चंद्र करा."

लेक म्हणजे अल्मास. नांदेडला नर्सिंग शिकली आणि आता पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. जायच्या आधी दोन दिवस घरी येणार होती. तिची माशांची काचपेटी चाचांच्या ताब्यात होती, आणि पेटीत एंजल माशांची एक जोडी. ह्या जोडीनं दोनदा पानावर अंडी घातली आणि दोन्ही वेळा सकाळी पान साफ. आईबापांनीच गिळलेली! एकदा तरी पिल्लं बघून पुण्याला जावं एवढीच पोरीची हौस, आणि ती पुरवायचीच असं चाचांनी मनाशी धरलं होतं. एकुलती एक लेक. ती गेल्यावर घर खायला उठणार, हे त्यांना आतापासूनच कळत होतं.

"रात्री तुमी लाइट एकदम बंद करता ना, त्यानं बिचकतात ते," अल्मास म्हणाली. "काळोखात काही दिसत न्हाई, मग घाबरून अंडीच खातात. चांदण्यासारखा निळा उजेड ठेवा. बारीक."

तिसऱ्यांदा अंडी पडली त्या संध्याकाळी चाचांनी स्टेजवरची निळी माळ काढली, पेटीला चांगले चार वेढे दिले आणि बटण दाबलं. काय सांगावं, माळ लागली की नाचायला! डावीकडून उजवीकडं पळते काय, विझते काय, पुन्हा भक्कन पेटते काय! लग्नातली माळ ती, तिला गप बसणं कुठून ठाऊक? शेजारचा चहावाला बंडू डोकावला.

"चाचा, वरात कवा निघून राहिली?"

चाचांना ती तारीफच वाटली. आत मासे मात्र काचेवर धडका देत होते. सकाळी पान पुन्हा साफ.

चाचांना त्या दिवशी घास गोड लागला नाही. "ह्या बारीची अंडी माशांनी न्हाई, म्याच खाल्ली," म्हणाले आणि दुपारभर पेटीकडं पाठ करून बसले.

दहा दिवसांनी चौथ्यांदा अंडी पडली. अल्मास यायला आठच दिवस उरले होते. चाचांनी आता माळेचं नाचणं बंद केलं आणि तिचा चाळीस बल्बांचा तुकडा पेटीवर लावला. घरातला दिवा अजून लावला नव्हता. त्यांची बायको जैनबबी शेजारी शिलाई घेऊन बसली होती. तिनं सुई उचलली, दोरा ओठात ओला केला आणि त्याच निळ्या उजेडात एका झटक्यात ओवून दाखवला.

"ऐकता का, ह्याला चंद्र म्हणता? चांदण्यात सुई ओवता येते काय कधी?"

"तुला तर चष्म्याबिगर दिवसा पण येत न्हाई!"

"चष्मा लावलाय. कमी करा."

चाचांनी नाराजीनं वायर तोडली. वीस बल्ब राहिले. जैनबबीनं सुई ओवली. दहा केले, तरी ओवली. बल्ब कमी होत गेले तसं चाचांचं तोंड उतरत गेलं. कुणी आपली मिशी भादरावी तसं त्यांना वाटत होतं. शेवटी एकच बल्ब उरला. बाई हट्टाची, चौथ्या खेपेला तिनं त्यातही सुई ओवली! मग तिनंच मलमलचा एक तुकडा दुहेरी करून बल्बावर बांधला. आता दोरा सुईच्या अवतीभवती फिरत राहिला, आत काही जाईना.

"हा चंद्र," जैनबबी म्हणाली. "अल्मास लहान असताना मी असाच उजेड ठेवायचे. लाइट गेली की किंचाळायची ती. मग रोज रात्री रॉकेलची चिमणी बारीक करून कोपऱ्यात ठेवायचे."

"मला कधी सांगितलं न्हाई?"

"तुमी घरी कवा होता? लग्नसराईत."

चाचांना कसंतरीच झालं. दुनियेच्या लेकींची लग्नं उजळली आणि आपलं लेकरू काळोखाला भ्यायचं, हे घरच्या माणसाला माहीतच नाही! त्यांनी बल्बाची वायर बॅटरीला जोडली, म्हणजे फाट्यावरची लाइट गेली तरी चंद्र जायचा नाही.

त्या रात्री त्यांनी आधी चंद्र लावला आणि मग पेटीचा मोठा दिवा बंद केला. मासे हलले, पण बिचकले नाहीत. मादी पानाजवळ जाऊन पंखांनी अंड्यांना वारा घालत राहिली. सकाळी चाचांनी एक डोळा मिटून भीत भीत पाहिलं. अंडी जागच्या जागी होती! तिसऱ्या दिवशी पानावर केसाएवढ्या शेपट्या वळवळायला लागल्या, आणि चाचांनी अख्ख्या फाट्याला आपल्या पैशानं चहा पाजला. बंडू म्हणाला, "आता खरी वरात, चाचा!"

अल्मास आली त्या संध्याकाळी चाचांनी तिला पेटीपुढं बसवलं आणि घरातले सगळे दिवे घालवले. निळसर उजेडात आईबापांच्या मधोमध पिल्लांचा ढगच्या ढग तरंगत होता.

"अगं माय!" अल्मास ओरडली आणि लहानपणीसारखी बापाच्या गळ्यातच पडली. "अब्बा, किती हायेत हो?"

"मोजून सांग, मोजल्याबिगर जेवण न्हाई." तिनं तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. जैनबबी हसून हसून खोकायला लागली.

पुण्याला निघताना चाचांनी लेकीच्या हातात एक पुडी दिली. "तिकडं गेल्यावर उघड."

दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला.

"अब्बा, खोलीत लावला तुमचा चंद्र. सुई घेऊन बसले होते."

"मग?" चाचांनी विचारलं.

"न्हाई ओवता येत."

"तर मग बराबर है," चाचा म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "झोप आता, बेटा."