जावयाचं स्टिअरिंग

रिंग काळी, गुळगुळीत, अंगठा आणि तर्जनी जुळवून होणाऱ्या वर्तुळाएवढी, स्टिअरिंगच्या रॅकमधून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या नळकांड्यातून, ओढून काढलेल्या दांड्यावर घट्ट बसलेली. ब्लेडचं टोक तिच्याखाली सरकवायचं, एक हिसका द्यायचा, की रिंग तुटून काम संपलं. मिस्त्रीने ब्लेड उचललं, पुसलं आणि पुन्हा बाकावर ठेवलं.

पॉवर स्टिअरिंगचा पंप निघाला होता, पट्टा निघाला होता, तेलाच्या नळ्या बादलीत पडल्या होत्या. एवढं झालं की पुष्कळ जण हात झटकून मोकळे होतात. पण पॉवर काढलेल्या गाडीत ही रिंग तशीच राहिली तर प्रत्येक वळणाला आतलं तेल माणसाला स्वतःच्या खांद्याने ढकलावं लागतं. तीस वर्षांत मिस्त्रीने अशी अर्धवट गाडी एकदाही बाहेर सोडली नव्हती. गिऱ्हाइकं डोळे मिटून चावी देत ती त्यामुळेच.

आणि ही गाडी होती जावयाची. जावई... धाकटी बहीण त्याचं घर सोडून आली त्याला नऊ वर्षं झाली, कागदोपत्रीही सगळं तुटलं, तरी मेल्याचा विषय निघाला की तोंडात अजून हाच शब्द येतो. सकाळी आला तो निर्लज्जासारखा हसत. "दादा, या खटाऱ्याला तुमच्याशिवाय कोण हात लावणार? पंप गळतोय, नवा कुठे मिळत नाही. पॉवर काढूनच टाका. फक्त होईल तेवढं हलकं ठेवा हं, उजवा खांदा धरलाय माझा."

खांदा! स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने, आयतं हातात आणून दिलं.

वरच्या खोलीत बहिणीची पावलं वाजली. आज खाली येऊ नकोस म्हणून तिला बजावलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. तिचं मनगट जावयाने पिरगळून मोडलं ते वाकडंच जुळलं. बरणीचं झाकण घट्ट बसलं की जिन्यातून हाक येते — दादा, एवढं उघडून दे रे — आणि तीही अशा सुरात, जणू काही चूक झाकणाचीच. मी उघडून देतो. दर वेळी झाकण फिरवताना मी त्या माणसाचा हात पिरगळत असतो, हे तिला कुठे ठाऊक?

आता स्वतःचा हात त्याचा तोच पिरगळू दे. गाडी कुठे आपटणार नव्हती. तेवढं पाप मिस्त्रीला नको होतं, आणि त्या माणसाला इतक्या झटपट सोडायचंही नव्हतं. हवा होता तो रोजचा ठणका — सकाळी फाटकातून गाडी काढताना, बाजारात दोन गाड्यांच्या मधे घुसवताना, पुढे, मागे, पुन्हा पुढे... संध्याकाळी शर्ट काढताना कळवळला पाहिजे. आणि कोणामुळे ते कळायलाही नको. नाही, कळावं... नको, न कळलेलंच बरं, म्हणजे पुरून उरेल. मिस्त्रीला खुदकन हसू आलं. त्याने दांडा रिंगेसकट आत सरकवला, तेलाची दोन्ही तोंडं आखूड नळीने जोडली, बोल्ट आवळले. इतकी सफाई त्याच्या हाताला कित्येक दिवसांत आली नव्हती.

चार वाजता जावई आला. बसला, स्टिअरिंग फिरवलं, आणि ओठ आवळून खांदा चोळला. मिस्त्री डोळे भरून बघत होता.

"जड झालंय हो, दादा."

"सुरुवातीला वाटतं तसं," मिस्त्री खिडकीत वाकून अगदी मायेने म्हणाला. हे उत्तर त्याने दुपारभर घोळवून ठेवलं होतं. "होईल सवय."

जावयाने मान डोलावली. तुम्ही म्हणताय म्हणजे होईलच, अशी.

आणि ती मान... तशीच डोलावली होती तिने, याच गाडीत, मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. सासरहून दुसऱ्यांदा पळून आली होती. मनगट तेव्हा सरळ होतं. लोक काय म्हणतील म्हणून मीच जावयाला निरोप धाडला, मीच तिला गाडीत बसवलं, दार मीच लावलं, आणि असाच खिडकीत वाकून, याच मायेने — होईल सवय, बाई. सगळ्यांनाच होते.

गाडी कशीबशी वळून गेली. थांबवावी असं वाटलं, आणि थांबवू नये असंही वाटलं.

"गेलं का रे, कोण होतं ते?" तिने वरून विचारलं.

मिस्त्रीने बाकावरचं ब्लेड उचललं आणि पुन्हा पुसलं. राग तसूभरही कमी झाला नव्हता; पण आता तो गाडीमागे जायला तयार नव्हता. इथेच थांबला होता, माझ्यापाशी.