इंजिनाचे शोकाकुल

वाशीमजवळच्या मालेगावच्या बसस्टँडसमोर त्या रविवारी एका इंजिनाचा फ्लेक्स लागला होता. वर काळ्या पट्टीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधोमध इंजिनाचा फोटो, फोटोला छापील गुलाबांचा हार, शेजारी छापील मेणबत्ती. ‘आमचे लाडके कै. इंजिन यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. गर्जना कायमची शांत झाली.’ खाली शोकाकुल मंडळींचे चेहरे होते. सगळे गॉगल लावून शोक करत होते. एकच चेहरा बिनगॉगलचा, आणि तोच सगळ्यांत मोठा: ‘मा. ग्यानबा, मार्गदर्शक, रेसिंग कट्टा, मालेगाव.’

पौर्णिमा वाशीमच्या एसटीतून उतरली आणि तिला आपला बाप शोकाकुलांत दिसला. शेजारी एक म्हातारी फ्लेक्सकडे पाहून हात जोडत होती.

“कोन गेलं व माय?”

“कोणी नाही,” पौर्णिमा म्हणाली. “लोकांना कामं नाहीत.”

लोकांना कामं नाहीत हे तिचं जुनंच मत होतं, फ्लेक्सने ते पक्कं केलं एवढंच. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारशर्यतीचे नियम या हंगामापासून बदलले होते. गाडीची जवळपास निम्मी ताकद इंजिनाची, निम्मी बॅटरीची. ब्रेक लागला की बॅटरी भरून घ्यायची आणि सरळ रस्त्यावर ती खर्चायची. नियम ठरवणारे बसले होते युरोपात, आणि दुखवटा पाळायला बसला होता वाशीम रोडवर पारसच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोरचा कट्टा. तिथल्या एकानेही शर्यतीची गाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बबलू फ्लेक्सवाल्याचा तर इंजिनाशी संबंध एवढाच, की त्याच्या बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर पोलिसांनी काढून रोडरोलरखाली घातला होता. तेव्हापासून तो स्वतःला हुतात्मा समजत असे. आणि या सगळ्यांचा मार्गदर्शक कोण, तर ग्यानबा. वीज मंडळात लाइनमन म्हणून उमर घालवलेला आणि जन्मभर लूनावर फिरलेला माणूस. लूनाला चढावर पायडल मारावं लागे. निवृत्तीनंतर मुलीने मोबाइल घेऊन दिला आणि त्याला हा नाद लागला. उंटावरून शेळ्या हाकणारे पौर्णिमाने पुस्तकांत पुष्कळ पाहिले होते. लूनावरून शर्यती हाकणारा तिच्या घरातच होता.

ती वाशीमच्या कॉलेजात मराठी शिकवायची. बोलणं मोजकं, भाषा स्वच्छ. शर्यतीच्या रविवारी ती घरी यायची ती आईच्या हातचं जेवायला, असं ती सांगायची.

घरी तिची आई अंजना ओसरीत गहू निसत बसली होती. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्याच्यापुढे ग्यानबा मांडी घालून बसला होता.

“या मॅडम,” तो म्हणाला. “लोडशेडिंग पाहाले आल्या का?”

“फ्लेक्स पाहिला. लोक हात जोडत आहेत.”

“जोडूच दे. थो आवाजच गेला, पुर्णे. पह्यले गाडी आली तं छातीत धडधड होये. आता काय, मिक्सर फिरल्यावानी.”

“तुम्ही मोबाइलवरच ऐकत होता. तेव्हाही मिक्सरच होता.”

“तुले नाई समजाचं,” असं म्हणून त्याने तिला बसायला जागा केली. ही जागा तो दर वेळी करायचा, आणि जणू दुसरीकडे बसायला जागाच नाही अशा चेहऱ्याने ती दर वेळी तिथे बसायची.

शर्यत सुरू झाली आणि ग्यानबाच्या शिव्याही सुरू झाल्या. “पाह्य! सरळ रस्त्यावर दम सुटला त्याचा. करंट संपला! म्या जिनगानीभर करंट वाटला, करंटचा काई भरवसा नसते. हे रेसिंग नोहे, हे भारनियमन हाये. या फिडरले द्या, त्या फिडरचं काढा.”

“मग पाहू नका.”

“पाह्यलं नाई तं शिव्या कायले देऊ?”

जगातल्या निम्म्या रसिकतेचा पाया हाच आहे, असं पौर्णिमाच्या मनात आलं.

मग पुढच्या दोन गाड्यांचं काहीतरी झालं. मागच्याने राखून ठेवलेला सगळा करंट एकदम सोडला आणि तो पुढे गेला. पुढच्या वळणाला त्याचा संपला, तर दुसरा पुढे. पुन्हा हा, पुन्हा तो. ग्यानबाच्या शिव्या कधी थांबल्या ते कोणाला कळलंच नाही. तो गुडघ्यांवर उठला होता आणि त्याने पौर्णिमाचं मनगट धरलं होतं, खांबावर चढताना दोर धरावा तसं. तेवढ्यात त्याचा धक्का लागून डबा आडवा झाला आणि मोबाइल गव्हात पालथा पडला.

“उचल, उचल! कोन म्होरं गेलं?”

“आता त मिक्सर होता ना?” अंजना म्हणाली.

“तू गहू निस.”

संध्याकाळी तो तिला एसटीवर सोडायला आला. फ्लेक्सखाली उभं राहून त्याने आधी पारसच्या दुकानाच्या दिशेला पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं.

“पुर्णे, कट्ट्यावर बोलू नको. पन गाड्या भारी पळून राह्यल्या व. त्या करंटनं खरी मजा आनली.”

“तुमचं नाव फ्लेक्सवर आहे.”

“म्हनून त तुले सांगून राह्यलो. आता कोन्या तोंडानं सांगू त्याईले? पारस त माह्या पायाच पडते.” तो हसला. मग एकदम विचारलं, “तुले कसं वाटलं?”

तिच्या मनगटावर अजून त्याच्या बोटांचा वळ होता. शर्यत संपेपर्यंत तिने तो हात सोडवला नव्हता.

“मला काय कळतं त्यातलं,” ती म्हणाली आणि एसटीत चढली.

मंगळवारी सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता ग्यानबा न्हाणीपाशी बसला तो उठलाच नाही.

मातीला सगळा कट्टा आला. बुलेट सुरू करून काकांना इंजिनाची सलामी द्यावी, असं बबलूच्या मनात होतं. पौर्णिमाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याने किल्ली खिशात घातली. पण दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर, इंजिनाचा फ्लेक्स उतरवून त्याच चौकटीवर, तिच्या बापाचा लागला. तेच गुलाब, तीच मेणबत्ती. ‘कै. ग्यानबा यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. गर्जना कायमची शांत झाली.’

ती बबलूच्या दुकानात गेली.

“त्यांना आजार नव्हता.”

“ताई, तसं लिहाच लागते. टेम्प्लेटमंदी हाये.”

“आणि आमच्यात कै. लिहीत नाहीत. कालकथित लिहितात. तुला माहीत आहे.”

“माहीत हाये ना ताई. पह्यलेवालं इंजिनाचं होतं, थेच घाईत राह्यलं.” बबलूचे डोळे सुजलेले होते. “आता बदलून देतो. गर्जनाबी काढू का?”

तिने विचार केला. लूनावरची गर्जना. “ती राहू दे,” ती म्हणाली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरासमोर मांडव घातला होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या पायाशी ग्यानबाचा फोटो, पुढे मेणबत्त्या. वंदना झाली आणि भाषणं सुरू झाली. वीज मंडळातला ग्यानबाचा जुना जोडीदार भिवाजी सूत्रं सांभाळत होता. पौर्णिमाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ती बोलणार नाही.

बोलणारे काही कमी नव्हते. ग्यानबा अत्यंत शांत स्वभावाचा होता, असं एकाने सांगितलं. तो मितभाषी होता, असं दुसऱ्याने सांगितलं. जिवंतपणी ज्याला दोन वाक्यं सलग बोलू दिली नाहीत, त्याला लोक मेल्यावर मितभाषी करतात. पौर्णिमा आईशेजारी सतरंजीवर बसून ऐकत होती. असली भाषणं ती विद्यार्थ्यांच्या वहीत लाल शाईने खोडत असे. इथे लाल शाई नव्हती.

मग पारस उठला. दुकानात वडिलांच्या गादीवर बसल्यापासून चौकात बोलायची त्याला सवय होती.

“ग्यानबा काका म्हणजे आमचं इंजिन होतं,” तो म्हणाला. “काका इंजिनासाठी जगले. नवीन नियम आला, बॅटरी आली, तवापासून काकाची तब्येत उतरली. हे मी जाहीर बोलतो. त्यांच्या आत्म्याला शांती…”

“आपल्यात आत्मा नसते भाऊ,” भिवाजी खालून म्हणाला. “म्होरं बोल.”

“सॉरी. तर कट्ट्यानं ठराव घेतला हाये. काकाच्या इच्छेला मान देऊन हा पूरा हंगाम कोणीच रेस पाहणार नाही. बॅटरीवर पूर्ण बहिष्कार. काकानं शेवटच्या दिवशीबी एकच गोष्ट बोलली, पारस, हे भारनियमन…” इथे त्याचा आवाज फुटला आणि तो खाली बसला.

कोणीतरी टाळी वाजवली आणि जागा आठवून हात आवरला.

तो आवाज फुटला तेच पौर्णिमाला सहन झालं नाही. नुसता भंपकपणा असता तर तो तिने इतर भाषणांसारखा मनात खोडून टाकला असता. पण या पोरांचा शोक खरा होता. फक्त तो फ्लेक्सवरच्या माणसाचा होता. युरोपातल्या इंजिनांसाठी झुरून मेलेला एक माणूस आता मालेगावात कायमचा राहणार होता, आणि गव्हात पडलेला मोबाइल उचल म्हणून ओरडणाऱ्या माणसाची साक्ष द्यायला दोन बायका सोडून कोणी नव्हतं.

ती उठली. भिवाजीने आश्चर्याने माइक पुढे केला.

“पारस,” ती म्हणाली, “हे खोटं आहे.”

पारसने ओले डोळे वर केले.

“बाबांना नवीन गाड्या आवडल्या होत्या. शेवटच्या रविवारी त्यांनी अर्धी शर्यत गुडघ्यावर उभं राहून पाहिली. मला म्हणाले, करंटने मजा आणली. आणि म्हणाले, कट्ट्यावर सांगू नको.”

“काय बोलता ताई!” बबलू उभा राहिला. “काका अन् बॅटरी?”

“व्हय,” खालून अंजना म्हणाली. डोक्यावरचा पांढरा पदर तिने सावरला. “डबा पाडला ना त्याईनं. माहे निसलेले गहू सांडले.”

मागे कोणी तरी फसकन हसलं. भिवाजीने तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलत होते. “शिव्या देल्याबिगर त्याले काईच आवडे नाई,” तो म्हणाला. “मंडळात नवीन मीटर आले तवाबी असंच केलं होतं लेकानं.”

“म्हंजे…” पारसने डोळे पुसले. “म्हंजे काका आमाले चुतिया… सॉरी. मग आमाले सांगतलं काहून नाही?”

“तू पाया पडत होतास म्हणून,” पौर्णिमा म्हणाली. “पाया पडणाऱ्याला खरं सांगणं जड जातं. बहिष्कार घालायचा तर तुमच्या नावाने घाला. त्यांच्या नावाने नको.”

एवढंच बोलून तिला बसायचं होतं. माइक तिने भिवाजीकडे दिलाही. पण ती बसली नाही. फोटोतला ग्यानबा तिच्याकडे पाहत होता, फ्लेक्सवरचाच फोटो, बिनगॉगलचा. एसटीच्या पायरीपाशी उभा राहून पाहत होता तसाच.

“बाबा,” ती म्हणाली. माइक नसल्यामुळे मागच्यांना ऐकायला पुढे झुकावं लागलं. “तुमी इचारलं होतं, कसं वाटलं. मी म्हटलं, मले काय समजते. मले सारं समजते. नियम आला त्याच दिवशी पूरा वाचला होता मी. तुमी कोनतं वळन चुकीचं सांगत होते, थेबी समजत होतं.”

अंजनाने मान वर करून लेकीकडे पाहिलं. वाशीमला नोकरीला लागल्यापासून या घरात तिच्या तोंडून ही बोली कोणी ऐकली नव्हती.

“अन् आईच्या हातचं जेवाले येतो म्हनत होती मी. जेवन काय, वाशीमलेबी भेटते.” तिने उजव्या हाताने डावं मनगट धरलं. “मी तुमच्या बाजूले बसाले येत होती, बाबा.”