सत्तेचाळिसाव्या रस्त्याचा हुंकार

व्हर्डेलने आपल्या कादंबरीचं पहिलं पान वाचून संपवलं आणि मान वर केली. समोर सगळा सत्तेचाळिसावा रस्ता ठेवणीतले कपडे घालून बसला होता, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं.

ही तीच माणसं ना? रविवारी पाद्र्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "सांगा, सांगा!" म्हणून चर्च डोक्यावर घेणारी? शिकागोच्या या दक्षिण भागात बोलणाऱ्याला कुणी एकट्याने बोलू देत नाही. ऐकणारे गप्प राहिले, की समजावं, आपलं काही खरं नाही.

न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने कादंबरी छापली होती, वर कौतुकही केलं होतं. त्याचं तिला विशेष नव्हतं. पुस्तकात हा रस्ता होता. किराणावाल्याच्या काचेत टोमॅटोच्या डब्यांशेजारी मांडलेली चित्रं, नाचणाऱ्या मुलींच्या झग्यांना मणी लावत गाणारा शिंपी, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत रंगणाऱ्या कविता. हे सगळं या माणसांना खोटं वाटलं, तर पुन्हा लेखणी धरायची नाही, असं ती मनाशी ठरवूनच आली होती.

पहिल्या रांगेत ओझेलामावशी, मांडीवर व्हर्डेलची तान्ही लेक मेलबा. मावशीच्या केशभूषेच्या दुकानात पिना पुरवता पुरवता व्हर्डेल लहानाची मोठी झाली. निम्मी कादंबरी तिथेच कानावर पडलेली. आणि आज मावशीने ओठ असे घट्ट मिटलेले, की टोपीवरचं पीस थरथरत होतं. मागे मोहरी रंगाच्या सुटात ट्रम्पेटवाले पर्व्हिसकाका, गाल फुगवून, छताकडे बघत.

व्हर्डेल पान उलटून पुढे वाचू लागली.

"क्लबचं दार त्याला बंद झालं, तेव्हा तो गच्चीवर चढला आणि तिथून ट्रम्पेट वाजवू लागला. खाली माशांच्या कढया चुरचुरायच्या थांबल्या. ट्रामवाल्याने घंटा वाजवली नाही. सारा रस्ता मान वर करून उभा राहिला."

तिने श्वास घेतला. आणि त्या शांततेत, अजून दात न आलेल्या मेलबाने खणखणीत आवाज दिला, "हंऽऽ!"

दर रविवारी मावशीच्या मांडीवर बसून तिला एवढं कळलं होतं: बोलणारा थांबला, की आता पाळी आपली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशीने झटकन मेलबाच्या तोंडावर हात ठेवला. "शूऽ! पाटी दिसत नाही का गं तुला?"

"कसली पाटी?" व्हर्डेलने वळून पाहिलं. तिच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेल्या पाटीवर लिहिलं होतं, कृपया शांतता राखा.

पर्व्हिसकाकांनी हुश्श करून गालांतली हवा सोडली. "तुझ्या मावशीने दारात एकेकाला गाठून दम दिलाय, पोरी. म्हणे, हे वाचनालय आहे, चर्च नव्हे. तोंड उघडाल तर माझ्याशी गाठ आहे!"

"मग? पोरीची चारचौघांत शोभा करायची होती?" मावशी उसळली. "मी काय सुखात बसलेय? तो केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा, कान भाजल्याचा भाग आला, तेव्हा गप्प बसता बसता जीव जायची पाळी आली माझ्यावर!"

"तो कान माझा होता!" कोपऱ्यातून एक बाई ओरडली.

ग्रंथपाल मिस टॉलिव्हर इतका वेळ रुमालात तोंड लपवून बसल्या होत्या. त्या उठल्या, खुर्चीवर चढल्या आणि पाटी उलटी करून टांगली.

"पहिल्यापासून वाचू?" व्हर्डेलने पानं मागे उलटत विचारलं.

"विचारतेस काय! तो कंगवा आण परत," मावशी म्हणाली.

मग पहिलं पानच काही केल्या संपेना. "अस्संच!", "ऐका, ऐका!", "माझ्या नवऱ्याला वगळलंस की गं!" शिंप्याच्या गाण्यापाशी तर अख्खी रांग ते गाणंच गाऊ लागली. गच्चीवरचा ट्रम्पेटवाला आला, तेव्हा पर्व्हिसकाका हॅट छातीशी धरून उभे राहिले. "मीच तो," एवढंच म्हणाले.

व्हर्डेलला पुढची ओळ दिसेना. ती डोळे पुसायला थांबली, तशी मेलबा पुन्हा म्हणाली, "हंऽ!"

मावशी मेलबाच्या कानाशी वाकली. "अजून जरा मोठ्याने, बाळा."