छबूचा दिवा

रनाळ्यात कापूस फुटून शेतं पांढरी झाली होती, पण त्या दिवशी कमलबाई वेचणीला गेलीच नाही. तिचं गाठोडं सकाळपासून ओसरीवर होतं आणि ते बांधलं होतं सासूनं.

पितांबरची पहिली बायको छबू मागल्या साली मधल्या खोलीत अचानक मेली. कमलबाई दुसरेपणावर आली, तेव्हापासून छबूच्या नावाचा दिवा त्या खोलीत भुईवर ठेवायचं काम तिच्याकडे. रिवाजच तसा. पण यंदाचा पाऊस सरला आणि दिवा ठेवला की विझू लागला. वारा नाही, तेल काठोकाठ. सवतीला ही सोसवत नाही, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला ठरवायला काय लागतं?

"आज इझना ते गाडी जुपसू," पितांबर म्हणाला होता. "तुले नवापूरले सोडी येसू." नवापूर तिचं माहेर. मान खाली घालून म्हणाला, पण म्हणाला.

भुताटकीच्या घरांचा तपास करत हिंडणारे दोघे नंदुरबारहून आले होते, रूपचंदमास्तर आणि नवलसिंग कंपाउंडर. मास्तरांनी खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या.

"ठेवा दिवा, बाई."

कमलबाईनं दिवा ठेवला. ज्योत आखडली, विझली.

"देखा?" दारातून सासू गजराबाई म्हणाली. "छबू शे ती. तिले हाई बाई नको."

कमलबाईला रडूही येईना. मास्तरांनी दिवा पुन्हा पेटवून कमरेइतका उंच धरला. जळत राहिला. हळूहळू खाली नेला, तसा गुडघ्यापाशी विझला. पुन्हा वर धरला, पुन्हा खाली आणला. तेच झालं. नवलसिंगनं वाकून वास घेतला.

"आंबूस वास ई ऱ्हायना."

"बाई, हाई भुई कोन सारवस?" मास्तरांनी विचारलं.

कमलबाईनं सासूकडे पाहिलं. भीती वाटत होतीच, पण गाठोडंही दिसत होतं.

"आत्याबाईच सारवतस. मले हात लावू देतस नही."

"झाया तपास," गजराबाई घाईनं म्हणाली. "निंघा आते."

पण पितांबरनं पहार आणली होती. सारवण फुटलं, खाली फरशी लागली, फरशीखाली धान्याचं पेव. लढाईच्या लेव्हीत, सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, ज्वारी जाऊ नये म्हणून गजराबाईनं जमिनीत लपवलेली. पाणी मुरून दाणा कुजला होता आणि त्याची जड वाफ फटीतून येऊन भुईलगत साचत होती, तीच दिवा विझवत होती. पेव उघडलं की वाफ जाऊ द्यायची, मगच माणूस उतरवायचा, नाहीतर तो गुदमरून मरतो, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

पितांबर आईकडे वळला. "माय, छबू कशी मरनी?"

गजराबाई पेवाकडे बघत म्हणाली, "तलाठी येनार व्हता. दाना हालवानी घाई व्हती. मी तिले उतारं. वाफ जाऊ दिधी नही."

मग ती हात जोडून म्हणाली, "बाहेर सांगू नका. भूतच शे म्हना."

कमलबाईनं दिवा उचलला, पेटवला आणि वरच्या कोनाड्यात ठेवला. "बहीन, आते आठे बस," ती म्हणाली. ज्योत सरळ उभी राहिली.

मग ती ओसरीवर आली. अंगणात गावच्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यादेखत तिनं गाठोड्याची गाठ सोडली.

"घरमा भूत नही शे," ती म्हणाली. "बठा मायसहोन, छबू कशी मरनी ते मी सांगस."